मोहोळांवरची फवारणी थांबवा: नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

गॅलरीत किंवा पाण्याच्या टाकीखाली मोहोळ दिसले की सोसायटीचा पहिला फोन जातो पेस्ट कंट्रोलवाल्याला. तो रात्री येतो, औषध मारतो, पैसे घेऊन जातो आणि सकाळी आवारात मेलेल्या माश्यांचा सडा पडलेला असतो. मी मधपाळ आहे. हे बघवत नाही, म्हणून लिहितो आहे.

लोकांची भीती खोटी नाही. आग्या माश्यांच्या हल्ल्यात माणसे दगावली आहेत. पण फवारणीने धोका वाढतो. चवताळलेल्या माश्या उजेडाकडे, म्हणजे खिडक्यांकडेच धावतात. मागे राहिलेला विषारी मध दुसऱ्या मोहोळांच्या माश्या लुटून नेतात आणि त्याही मरतात.

आधी माशी ओळखायला हवी. फांदीला नुसता थवा लटकला आहे आणि पोळे नाही, तर तो वाटेत विसावलेला असतो. पोटात मध भरलेल्या या माश्या सहसा डंख करत नाहीत आणि बहुतेकदा एकदोन दिवसांत उठून जातात. मीटरच्या पेटीत किंवा भिंतीच्या पोकळीत ओळीने पोळी असतील, तर ती सातेरी जातीची माशी. तिचे घर हलवता येते. हलका धूर द्यायचा, पोळी कापून लाकडी चौकटींत दोऱ्याने बांधायची, राणी मधमाश्यांच्या लाकडी पेटीत घ्यायची. बाकीच्या माश्या तिच्यामागे आपण होऊन आत शिरतात. बाहेर गेलेल्या कामकरी माश्या परतेपर्यंत, अंधार पडेपर्यंत, पेटी तिथेच ठेवायची. मग ती निदान तीन किलोमीटर दूर न्यायची, नाहीतर माश्या जुन्या जागी परत येतात. उघड्यावर एकच मोठे पोळे बांधणारी आग्या मात्र पेटीत राहत नाही. वर्दळीच्या जागी असेल तर जाणकाराने पूर्ण पोशाख घालून, धूर देऊन ती उठवावी. बाकी ठिकाणी थांबावे. हंगाम संपला की ती स्वतःच स्थलांतर करते.

हे सारे ज्ञान सरकारच्या घरातच आहे. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. याच राज्याने 2022 मध्ये महाबळेश्वर तालुक्यातल्या मांघरला ‘मधाचे गाव’ केले. गावात ज्या माशीसाठी पेट्या देता, तिच्यावर शहरात विष का?

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक महापालिकेने प्रशिक्षित मधपाळांची यादी अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षात ठेवावी आणि मोहोळाचा फोन आला की त्यांनाच पाठवावे. त्यांचे मानधन, पोशाख आणि अपघात विमा पालिकेने द्यावा. हे काम फुकट समाजसेवा म्हणून टिकणार नाही. उंच छज्ज्याखाली शिडीवर उभा राहणारा माणूस जीव धोक्यात घालत असतो. शाळा-दवाखान्यांजवळ त्याच दिवशी कारवाई व्हावी. आणि पेस्ट कंट्रोल करणाऱ्यांना मोहोळावर फवारणी करण्यास स्पष्ट मनाई असावी.

पावसाळा ओसरला की शहरांत आग्या मोहोळे दिसू लागतात. त्याआधी शासन निर्णय निघावा. अग्निशमन जवानांना शिकवायला माझ्यासारखे मधपाळ यायला तयार आहेत.

आपला,
एक मधपाळ, पुणे