दर दोन तासांनी कूस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रोजच्या जगण्यातल्या निष्काम कर्मावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. फळाचा विचारही मनात आणू नये, असं लेखकांचं म्हणणं. उभी नोकरी वॉर्डात काढलेल्या परिचारिकेला ते पटलं नाही, म्हणून हे पत्र.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. नाही बदलली तर माकडहाडाशी, टाचांवर कातडी लाल होते, मग फाटते, आणि जखम पार हाडापर्यंत जाऊ शकते. अशा जखमेकडे बघून ‘प्रारब्धाचे भोग’ म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. (म्हणणाऱ्याच्या पाठीला गादी टोचत नसते.) संचित म्हणजे साठलेलं पूर्वकर्म, प्रारब्ध म्हणजे त्यातलं आता भोगायला आलेलं, क्रियमाण म्हणजे आत्ता हातून घडणारं, हे मलाही ठाऊक आहे. पण रात्रपाळीवर आलेल्या बाईच्या हाती त्यातलं फक्त क्रियमाण असतं. समोरच्याचा पक्षाघात कुठल्या जन्माचा, ते मला कळणार नाही. त्याची पाठ ओली आहे की कोरडी, ते चादर उचलली की कळतं.

आणि फळाकडे बघायचंच नाही म्हटलं तर आमचं काम एक दिवस चालणार नाही. ताप उतरला का, लघवी किती झाली, औषधाने अंगावर पुरळ तर नाही ना आलं? हे बघितल्याशिवाय पुढे काय करायचं ते ठरत नाही. माझ्यामुळे बरा झाला ही मिजास सोडावी, गेला तर स्वतःला कोसत बसणं सोडावं, एवढं मला मान्य. पहाटे एखाद्या खाटेवरचा माणूस जातो. वेळ नोंदवायची, नळ्या काढायच्या, अंग पुसायचं, घरच्यांशी बोलायचं. शेजारच्या खाटेला सहाचं इंजेक्शन सहालाच हवं असतं आणि ते देताना हात थरथरता कामा नये. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्यावं. नव्या मुलींना हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण त्यांना वाटतं जुन्या सिस्टर दगड झाल्यात. काही झालेल्या असतातही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात सात्त्विक कर्त्याची लक्षणं आहेत. तो संग म्हणजे आसक्ती सोडलेला, ‘मी मी’ न करणारा, यश येवो न येवो न डळमळणारा. लेखकांनी इथवर सांगितलं. त्याच श्लोकात ‘धृत्युत्साहसमन्वितः’ आहे, ते मात्र राहून गेलं. धीर हवा आणि उत्साहही हवा. अंगाला त्रास नको म्हणून काम टाकणं हा राजस त्याग, नेमून दिलेलं काम मोहाने टाकणं हा तामस, हेही त्याच अध्यायात आहे.

शेवटी एक तक्रार. ‘फळाची अपेक्षा धरू नका’ हे आम्हाला बहुतेक वेळा वरूनच ऐकवलं गेलं. जादा पाळीचे पैसे मागितले तेव्हा, हक्काची सुट्टी मागितली तेव्हा. अर्जुनाला हे सांगणारा स्वतः रणांगणात घोड्यांचे लगाम धरून बसला होता. पगारपत्रकावर सही करणाऱ्यांनी निदान एक रात्रपाळी आमच्यासोबत काढावी, मग बोलावं. लेखकांनी पुढच्या लेखात ही बाजूही घ्यावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका