अंकल, तुम्ही त्या दुपारी पियानो विकू दिला नाहीत

कॅम्पातल्या ट्यूनर अंकलना,

नाव लिहीत नाहीये, तुम्हाला आवडणार नाही माहितीये, पण तुमची सून हे तुम्हाला वाचून दाखवेल अशी खात्री आहे. बाबा गेल्यावर सगळ्यांचे आभार मानून झाले, डॉक्टर, फिजिओवाल्या ताई, रात्रीचे मावशी-काका, शेजारी. तुमचेच राहिले, कारण तुमचे दोन ओळींत मानता येईनात.

ऑगस्ट २०२३ मधे मी तुम्हाला फोन करून ट्यूनिंग करायचंय एवढंच सांगितलं होतं. खरं काय ते सांगितलंच नव्हतं, मला पियानो विकायचा होता. फेब्रुवारीत बाबांना स्ट्रोक आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, तो वरखाली होणारा हॉस्पिटलसारखा कॉट घ्यायचा होता आणि आमच्या नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत कॉट यायचा तर पियानो जायला हवा हे सगळ्यांनी मिळून ठरवूनच टाकलं होतं. तसाही मी तो चौथ्या ग्रेडच्या परीक्षेनंतर सोडला होता, पंधरा-सोळा वर्षं त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले जायचे. सुरात असला तर चार पैसे जास्त येतील म्हणून तुम्हाला बोलावलं.

तुम्ही म्हणालात दुपारी एकला येतो, संध्याकाळी नदीपात्रात ढोलपथकांचा सराव असतो, त्यात मला तारा ऐकू येणार नाहीत. आलात, पुढची फळी काढलीत आणि पहिल्यांदाच मी आत नीट बघितलं. ८८ पट्ट्या आणि तारा सव्वादोनशेच्या आसपास, कारण बऱ्याचशा सुरांना तीन-तीन तारा असतात. पावसानं लाकूड फुगून मधल्या सात-आठ पट्ट्या दाबल्या की खालीच राहायच्या, त्या आधी मोकळ्या केल्यात. मग फेल्ट, म्हणजे जाड लोकरी कापड, मधे सरकवून दोन तारा गप्प करायच्या, एक लावायची, मग दुसरी उघडून पहिलीशी मिळवायची, असं सुरू केलंत. तंबोऱ्याची जोडी लावतात ना तसंच. दोन्ही तारा नीट मिळाल्या नसल्या की आवाज डुलतो, वाँव वाँव, तुम्ही तार ताणायची चावी केसभर फिरवायचात आणि ते डुलणं मंद होत होत थांबायचं.

आणि ते थांबलं की दिवाणावरून बाबा "हं" म्हणायचे.

मला कळलंच नव्हतं. मी आत कुकर लावत होते. तुम्ही मला हाक मारलीत आणि म्हणालात, बेटा, इथे उभी राहा आणि पप्पांकडे बघ. मुद्दाम चावी थोडी पुढे नेलीत, बाबांच्या कपाळाला आठी. मागे आणलीत, "हं". परत पुढे, परत आठी. सहा महिन्यांत बाबांनी एका गोष्टीवर एवढं ठाम मत दिलं नव्हतं, पाणी हवं का विचारलं तरी नुसते बघत राहायचे.

तुम्ही विचारलंत, काही वाजवायचे का हे? मी म्हटलं, पेटी, चाळीस वर्षं, भजनी मंडळात. पण पेटी उजव्या हाताची, डावा हात जन्मभर फक्त भाता मारत आला आणि आता तेवढाच उरलाय. हे मी रडत बोलले असणार, नीट आठवत नाही. तुम्ही काही बोलला नाहीत, बॅगेतून मेजरटेप काढलीत आणि खोली मोजायला लागलात. कपाट आडवं, दिवाण बाहेर, कॉट खिडकीकडे, पियानो कॉटच्या पायथ्याशी. घरातल्या कोणाला हे सुचलं नव्हतं, मला तर अजिबातच नाही.

मग बाबांच्या औषधांच्या ट्रेमधली नळीला लावायची ती पांढरी कागदी टेप घेतलीत, चार तुकडे फाडलेत, पियानोच्या मधल्या चार पट्ट्यांवर चिकटवलेत आणि मला लिहायला सांगितलंत. नी, सा, रे, ग. सा म्हणजे पांढरी एक. जर्मन संगीतकार बाखच्या १७२२ सालच्या संग्रहातला पहिलाच प्रील्यूड, म्हणजे छोटी सुरुवातीची रचना, सी मेजरमधला, मी लहानपणी शिकले होते तो. त्यात डाव्या हाताला एका वेळी दोनच सूर असतात, धरून ठेवायचे, उजवा हात वर तीन सूर दोनदा फिरवतो. आणि पहिल्या आठ बारना, म्हणजे तालाच्या सारख्या मापाच्या तुकड्यांना, डाव्या हाताला या चारच पट्ट्या पुरतात. मी इतक्यांदा तो वाजवलाय, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

पहिले पंधरा दिवस एक बारही झाला नाही. मग रोज संध्याकाळी सहाला व्हीलचेअर लावायची, बाबांचा सा-ग आला की माझे प-सा-ग प-सा-ग, मग परत त्यांचा सा-ग. कधी त्यांना सुरावर बोट न्यायला दहा सेकंद लागायचे, मी तोवर थांबायचे, आणि त्या थांबण्यात मला दिवसभरात पहिल्यांदा नीट श्वास घेतल्यासारखं वाटायचं. आठव्या बारमधे नी आणि सा दोन्ही एकदम धरायचे असतात, पेटीवाल्या माणसाला ते खटकणारच, पहिल्यांदा बाबांनी हातच उचलला. दिवाळीपर्यंत तोच बार त्यांचा आवडता झाला होता, नी-सा दाबून माझ्याकडे असे बघायचे जसं काही तो त्यांनीच शोधून काढलाय.

दुसऱ्यांदा आलात तेव्हा तुम्ही त्यांना पॉल विटगेनस्टाइनची गोष्ट सांगितलीत, पहिल्या महायुद्धात उजवा हात गेलेला व्हिएन्नाचा पियानिस्ट, त्याच्यासाठी फ्रेंच संगीतकार रावेलनं फक्त डाव्या हाताचा कॉन्चेर्टो, म्हणजे वाद्यवृंदासोबत वाजवायची रचना, लिहिला आणि १९३२ मधे त्यानं तो वाजवला. तुम्ही हे बाबांना सांगत होतात, त्यांच्याकडे बघून, माझ्याकडे नाही. त्या काळात येणारे जवळजवळ सगळे बाबांबद्दल बाबांसमोर माझ्याशी बोलायचे, म्हणून हे मला फार लागलं, चांगल्या अर्थानं.

आणि अंकल, एक माझ्यापुरतं. मधल्या पेडलचं झिजलेलं फेल्ट तुम्ही न सांगता नवीन लावलंत. ते दाबलं की फेल्ट हातोड्या आणि तारांच्या मधे येतं, आवाज एकदम घुसमटल्यासारखा बारीक होतो. रात्री दोनला बाबांची कूस बदलून झाली की मला परत झोप लागायची नाही, मी ते पेडल अडकवून अर्धा तास वाजवायचे, चुकत-माकत, चौथ्या ग्रेडचंच सगळं. वाड्यात कोणी कधी तक्रार केली नाही. त्या रात्री मी दुसरं काय केलं असतं माहीत नाही, खरंच माहीत नाही.

या जानेवारीत बाबा गेले. झाकण लावलं ते लावलंच.

मार्चमधे तुम्ही फोन न करता आलात. ट्यूनिंग केलंत, मग ओल्या फडक्यानं पट्ट्या पुसायला घेतल्यात, खालून वर, एकेक. मी दारात उभी होते. त्या चार पट्ट्यांपाशी आलात आणि टेपला धक्का न लावता कडेकडेनं पुसून पुढे गेलात. मला काही विचारलं नाहीत. चहा घेतलात, खारी बुडवून खाल्लीत आणि जाताना म्हणालात, वाजवू नको वाटलं तर नको वाजवू, पण झाकण रोज उघड, आत हवा खेळू दे. मी झाकण रोज उघडायला लागले. दहाव्या-बाराव्या दिवशी बसले. डाव्या हाताचे सूर आता मलाच वाजवायला लागतात, आठव्या बारला अजून थांबायला होतं.

आता परत संध्याकाळी नदीकडून ढोल ऐकू येतायत. ओल धरू नये म्हणून तुम्ही पियानोच्या आत लावून दिलेला २५ वॅटचा पिवळा बल्ब गेला होता, तपकीर गल्लीत तीन दुकानं फिरून एक मिळाला, लावलाय, ओल फार नाहीये. दसऱ्यानंतर या, दुपारीच. पैसे या वेळी पूर्ण घ्यायचे आहेत, मागच्या तीनही वेळचे अर्धे राहिलेत. आणि ग वरची टेप एका कोपऱ्यातून सुटायला आलीये, तेवढी बघा, काढायची नाहीये, चिकटेल का ते बघा.

तुमची,
नारायण पेठेतली बेटा