फोटोंच्या मागे नावं लिहिणाऱ्यांचे आभार

एखादा साधा, पण सगळ्यांच्या ओळखीचा माणूस गेला की त्याच्या आयुष्याची नोंद पडद्यामागच्या हातांवर उभी राहते. त्या सगळ्यांचे मनापासून आभार.

सगळ्यात आधी फोटोंच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने नावं लिहिणाऱ्यांचे. बॉलपेनने लिहिलं तर दाबाचा वळ पुढच्या चेहऱ्यावर उमटतो, शाई शेजारच्या फोटोला लागते ती वेगळीच. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओरबाडून न काढता त्यांच्याखालून बारीक दोरा सरकवणाऱ्यांचे आभार. दोरा अडला तिथे हट्ट सोडून पानासकट स्कॅन करणाऱ्यांचे तर विशेष. स्कॅन करताना पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय (दर इंचाला टिपले जाणारे ठिपके) पुरतात, पासपोर्ट आकाराला १२०० हवेत, हे त्यांना सांगावं लागत नाही.

जुनी कॅसेट लगेच न वाजवता आधी एकदा पुढे-मागे फिरवून घेणाऱ्यांचे, आणि आतली निखळलेली इवलीशी गादी बदलणाऱ्यांचेही. ती नसेल तर फीत हेडला, म्हणजे प्लेअरमधल्या आवाज वाचणाऱ्या भागाला, नीट टेकत नाही आणि आवाज दबका येतो.

आठवणी सांगताना सालं चुकतात, चालायचंच. 'धाकटीच्या जन्माआधी की नंतर?' असं विचारत क्रम लावणाऱ्यांचे आभार. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीखही कधीकधी अंदाजे घातलेली असते, म्हणून घरच्यांनी सांगितलेली आणि दाखल्यावरची, दोन्ही लिहून ठेवणाऱ्यांचेही.

मूळ वस्तू परत करताना यादीवर खुणा करून सही घेणारे राहिलेच होते. त्यांचेही आभार.