आई, ती चूक तुझी नाही

ती. बाबा आणि ती. आई,
साष्टांग नमस्कार.

आई, काल फोनवर तुझ्या आतड्यातल्या गाठीबद्दल तू परत तेच म्हणालीस, "माझंच काहीतरी चुकलं, जन्मभर शिळंपाकं खात आले." तेव्हा मला बोलता येईना, म्हणून लिहायला बसले.

दांडिया बाजारातल्या घरी बाबा मोडी कागद बालबोधीत उतरवून काढायचे, ते आठव. मग ते मूळ कागद मोठ्यानं वाचायचे आणि तू नकलेवर बोट फिरवत पेन्सिलीनं खुणा करायचीस. एकदा 'सव्वाशे'च्या जागी 'सव्वीस' उतरलं होतं, ते तूच पकडलंस.

पेशी एकाची दोन होण्याआधी डीएनएची, म्हणजे ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेल्या तिच्या दुहेरी धाग्याची, अशीच नक्कल करते. दोन धागे सुटे होतात आणि पॉलिमरेज नावाचं प्रथिन प्रत्येक जुन्या धाग्यासमोर नवा जुळवत जातं, ए समोर टी, जी समोर सी. अशा जोड्या सुमारे ६०० कोटी. सेकंदाला साधारण ५० अक्षरं या वेगानं एकाच जागेपासून निघालं, तर साडेतीन वर्षंही पुरणार नाहीत. हजारो ठिकाणी एकदम काम सुरू होतं, म्हणून आठेक तासांत उरकतं.

चुकीचं अक्षर बसलं की पॉलिमरेज थबकतं, मागे येऊन ते काढतं, बरोबरचं लावतं. तरी सुटलेल्या चुका शोधत दुसरी प्रथिनं फिरतात. पण दोन धाग्यांतला मूळ कोणता, हे त्यांना कसं कळावं? आतड्यातल्या ई. कोलाय जंतूंत जुन्या धाग्यावर मिथाइल नावाच्या छोट्या रासायनिक खुणा असतात, नवा काही वेळ कोरा असतो. (बाबांचा पिवळा पडलेला कागद आणि तुझ्या हातातला पांढरा फूलस्केप!)

एवढं करूनही १०० कोटी अक्षरांमागे एखादी चूक राहते. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही. पण आतड्याचं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. सत्तर वर्षांत किती नकला झाल्या असतील! त्यातल्या काही चुका पेशींची वाढ आवरणाऱ्या जनुकांत साठल्या की गाठ धरते. खाण्यापिण्याचा वाटा असतो, नाही असं नाही. पण जन्मभर पथ्यानं राहिलेल्यांनाही गाठ होते. शिळ्या पोळीला दोष देत रात्र रात्र जागू नकोस गं.

पुढच्या तपासणीला मी येते आहे, तारीख कळव. बाबा, जुने रिपोर्ट एका पिशवीत काढून ठेवा. बायॉप्सीचा कागद खालच्या कप्प्यात आहे.

तुमची,
चिमू