ही भुताची गोष्ट नव्हे

मा. संपादक,

अमेरिकन लेखिका शार्लट पर्किन्स गिल्मन यांची ‘द यलो वॉलपेपर’ (१८९२) ही कथा अजूनही भयकथांच्या संग्रहांत छापली जाते. त्यातले खरे भय भिंतीवरच्या कागदाचे कमी आणि औषधोपचाराचे जास्त आहे, हे मात्र अशा संग्रहांत क्वचितच सांगितले जाते.

कथेत डॉ. वेअर मिचेल यांचे नाव सरळसरळ येते. फिलाडेल्फियाच्या या डॉक्टरांचा, बायकांच्या मानसिक थकव्यावरचा ‘विश्रांती उपचार’ असा असे : सहा ते आठ आठवडे अंथरूण, घरच्यांची भेट बंद. पहिले काही आठवडे उठून बसणे, शिवणे, वाचणे, लिहिणे सगळे वर्ज्य. दर दोन तासांनी दूध. पडून स्नायू झिजू नयेत म्हणून मालिश आणि विजेचा सौम्य प्रवाह. वजन वाढले की बाई सुधारली! थकलेल्या पुरुषांना मात्र हेच डॉक्टर पश्चिमेकडे जाऊन घोड्यावर रपेट करायला सांगत. खुद्द गिल्मन यांनी १८८७ मध्ये हा उपचार घेतला. घरी सोडताना त्यांना बजावले गेले की दिवसाला दोनच तास बौद्धिक काम करा, लेखणीला आयुष्यात पुन्हा हात लावू नका.

आता कथा पाहा. बाई बाळंतपणातून नुकतीच उठलेली, भिंतींना पिवळा कागद लावलेल्या खोलीत विश्रांतीला ठेवलेली. नवरा डॉक्टर, भाऊही डॉक्टर. दोघांचे मत एकच, मग तिने दाद मागायची कुणाकडे? कागद बदला म्हटले तर नवरा म्हणतो, आज कागद, उद्या पलंग, परवा खिडकीचे गज. बरे वाटत नाही म्हटले तर उत्तर येते की अंग भरले आहे, भूक सुधारली आहे. ‘शरीराने असेल कदाचित,’ एवढेच ती बोलू लागते, आणि तो तिला पुढे बोलू देत नाही. तिच्या सांगण्याला त्या तपासणीत रकानाच नव्हता.

विल्की कॉलिन्स यांच्या ‘द वुमन इन व्हाइट’मध्ये (१८५९-६०) हा फास कागदोपत्री आहे. इंग्लंडच्या १८४५ च्या कायद्यानुसार खासगी रुग्णाला वेड्यांच्या इस्पितळात टाकायला नातेवाइकाचा किंवा इतर संबंधिताचा सहीचा अर्ज आणि दोन डॉक्टरांचे दाखले पुरत. दोघांनी स्वतंत्र तपासणी करावी अशी अट होती खरी. पण न्यायदंडाधिकाऱ्याचा हुकूम लागू लागला तो १८९० पासून. कादंबरीतल्या लॉराला दुसऱ्या एका बाईच्या नावाने आत डांबतात. ‘मी लॉरा आहे’ असे ती जितके ओरडते, तितका तिचा भ्रम पक्का ठरतो. शार्लट ब्राँटे यांच्या ‘जेन एअर’मध्ये वेडी म्हणून घरात कोंडलेल्या बर्थाची तर पूर्वीची हकिगत मुख्यतः नवऱ्याच्याच तोंडून कळते.

कथा का लिहिली, हे गिल्मन यांनी १९१३ मध्ये एका टिपणात सांगितले आहे. संग्रहांच्या संपादकांनी ते कथेसोबत छापावे. टिपण जेमतेम पानभराचे आहे, तेव्हा जागेची सबब चालणार नाही.

– इंग्रजी साहित्याच्या दोन अध्यापिका