कॅमेरा खाली ठेवलास, त्या संध्याकाळबद्दल

सीडर रॅपिड्स, आयोवा
मे महिना

प्रिय चिमणे,

मंगळवारी रात्री तू फोनवर रडत होतीस आणि मी नुसता "हं, हं" करत राहिलो. फोन ठेवल्यावर तुझी आई म्हणाली, "अहो, पोरीशी काहीतरी बोलायचं होतंत." फोनवर मला सुचत नाही, तुला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र. सावकाश वाच, कुठे अडलीस तर आईला विचार.

तू सांगितलंस ते मी मनात पुन्हा पुन्हा घोळवलं. वादळ गावाच्या कडेने गेलं, चार घरं भुईसपाट झाली, तू तासाभरात पोचलीस. एक माणूस अंगणात गुडघे टेकून काहीतरी वेचत होता. तू कॅमेरा उचललास. तो तुझ्यावर ओरडला. तू कॅमेरा खाली केलास आणि गाडीत जाऊन बसलीस. आता तुला उचलल्याचीही लाज वाटते आणि खाली केल्याचीही.

खाली केलास ते बरोबर केलंस. उचललास त्यातही पाप नव्हतं. गावावर असं काही कोसळतं तेव्हा त्याची नोंद कुणीतरी ठेवायलाच हवी, आणि ते काम तू पत्करलं आहेस. पण तुला त्या गावात येऊन जेमतेम तीन आठवडे झालेत. त्या माणसाने तुला आधी कुठेच पाहिलेलं नव्हतं, ना शाळेच्या मैदानावर, ना चर्चच्या तळघरातल्या सूपच्या जेवणाला. घर गेलं त्याच दिवशी तू त्याला पहिल्यांदा दिसलीस. मीही असाच एकाला दिसलो होतो, आणि ते तुला कधी सांगितलेलं नाही.

आम्ही इथे आलो ते तुझ्या आईच्या नोकरीमुळे. माझा व्हिसा तिच्यावर अवलंबून असलेल्याचा, एच-४. काम करून एक डॉलर मिळवायची तेव्हा परवानगी नव्हती. सांगलीत मी स्टुडिओत बारशापासून पंचनाम्यापर्यंत सगळे फोटो काढलेले, आणि इथे हिवाळाभर खिडकीतून बर्फ बघत बसलेलो. मग एका रविवारी शेजारच्या गावातल्या अग्निशमन केंद्राबाहेर पाटी दिसली : पॅनकेकचा नाश्ता, सगळ्यांना आमंत्रण. छोट्या गावांतले हे आग विझवणारे पगारी नसतात. कुणी शेतकरी, कुणी शाळेतला मास्तर, कुणी गॅरेजवाला. बंबासाठी पैसे जमवायला ते वर्षातून एकदा गावाला खाऊ घालतात. मी कॅमेरा घेऊन गेलो. सगळे रांगेच्या बाजूने फोटो काढतात. मी तव्याच्या मागे, वाफेत उभा राहिलो. तिथून पॅनकेक उलटणाऱ्याचे हात दिसतात आणि हातांच्या पलीकडे बशी पुढे केलेली पोरं. आठवड्याने औषधांच्या दुकानातून चार बाय सहाचे प्रिंट काढून आणले आणि केंद्रावर नेऊन दिले. पैसे घ्यायचे नव्हतेच, घेताही येत नव्हते.

त्यानंतर मला बोलावणी येऊ लागली. शुक्रवारचा शाळेचा फुटबॉल सामना, होमकमिंगची, म्हणजे शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या उत्सवाची मिरवणूक, इथल्या चेक वस्तीतला, चेक व्हिलेजमधला हूबी डेज. हूबी म्हणजे चेक भाषेत अळंबी. मे महिन्यात इथल्या रानात मोरेल उगवतात तेव्हाचा तो उत्सव. चेक आज्या मधोमध खसखशीचं किंवा जर्दाळूचं सारण भरलेले गोड पाव, म्हणजे कोलाचे, विकायला बसायच्या. त्यांतल्या एकीने मला पहिल्या वर्षी विचारलं, "फोटो कशासाठी?" दुसऱ्या वर्षी मी तिला तिचा प्रिंट दिला. तिसऱ्या वर्षी तिने कोलाचे बाजूला काढून ठेवले होते. चौथ्या वर्षापासून तू माझ्या खांद्यावर असायचीस, आणि तिचं सगळं लक्ष तुझ्याकडे.

आणि मग २००८ चा जून आला. सांगलीच्या माणसाला नदी फुटांत कळते. आयर्विन पुलाखाली ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे आमच्या पोरासोरांनाही पाठ. इथे सीडर नदी १२ फुटांना पात्राबाहेर येते. तोवरचा सर्वांत मोठा पूर २० फुटांचा, १८५१ चा आणि १९२९ चा. लोक त्याच हिशेबाने वाळूच्या पिशव्या रचत होते. १३ जूनला पाणी ३१.१२ फुटांवर थांबलं. दहा चौरस मैल शहर पाण्यात, पाच हजारांहून जास्त घरं. नदीतल्या मेज बेटावर सिटी हॉल, कोर्ट, तुरुंग, सगळं बुडालं. पूल वाहून जाऊ नये म्हणून रेल्वेने त्याच्यावर दगड भरलेले डबे उभे केले होते. ते डबे घेऊनच पूल नदीत गेला.

तोपर्यंत मला कामाची परवानगी मिळाली होती आणि एक साप्ताहिक माझे फोटो छापत असे. पाणी ओसरल्यावर मी एका गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. पलीकडे एक माणूस पायरीवर बसला होता. समोर त्याचं घर ढिगाऱ्याच्या रूपाने रस्त्याच्या कडेला पडलेलं : गादी, फ्रीज, मुलांची चित्रं, सगळं एकाच करड्या रंगाचं. त्याने तोंडावर हात घेतले. मी लांबचं जवळ आणणारी २०० ची लेन्स लावली आणि कोपऱ्यावरूनच चार फोटो घेतले. जवळ गेलो नाही. नाव विचारलं नाही. पहिल्या पानावर छापून आला, खाली ओळ होती : 'पूरग्रस्त'. फोटो चांगला होता, आजही चांगला आहे. शरद ऋतूत किराण्याच्या रांगेत एक बाई माझ्याजवळ आली. म्हणाली, "तो माझा बाप आहे. त्याला नाव आहे. आता दुकानात गेला की लोक म्हणतात, तुझा फोटो पाहिला. म्हणून तो जात नाही." मी माफी मागितली. ती मान हलवून निघून गेली. त्या माणसाला भेटायला मला बराच काळ धीर झाला नाही, आणि गेलो तेव्हा ते घर पाडलेलं होतं. पुरानंतर शहराने तेराशेहून जास्त जागा विकत घेऊन रिकाम्या केल्या, त्यांतली ती एक. आता तिथे गवत आहे.

तो फोटो काढला त्याच आठवड्यात, त्या गल्लीपासून फार लांब नाही, कोलाचेवाल्या आजींनी मला रस्त्यावरून हाक मारली. भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर पाण्याची रेघ. दारात त्या रबरी बूट घालून उभ्या आणि हातात अल्बम. "हे फेकायच्या आधी फोटो काढशील?" फोटोंचे फोटो. आम्ही पडवीत सावलीला बसलो. ओल्या कागदावर आभाळ चमकतं, म्हणून त्यांच्या नातवाने चादर धरली आणि मी एकेक पान टिपत गेलो. लग्न, शेत, लढाईवर गेलेला भाऊ. एकमेकांना चिकटलेले फोटो मी सोलायला गेलो आणि पहिल्याच फोटोतला चेहरा निघून आला. असे फोटो ओढायचे नसतात, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. स्वच्छ गार पाण्यात हलकेच सुटे करून एकेक वाळवायचे. दोन दिवसांत ते जमणार नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायचे, म्हणजे बुरशी थांबते आणि काम पुढे निवांत करता येतं. हे तू लक्षात ठेव आणि लोकांना सांग. वादळानंतर लोक आधी फोटोच शोधतात. तुझा तो माणूस काय वेचत होता? मला वाटतं, तेच असणार.

मिझुरीतल्या जॉप्लिनला २२ मे २०११ ला टॉर्नेडो झाला, दीडशेहून जास्त माणसं गेली, तेव्हा घराघरांतले फोटो उडून कित्येक मैलांवर शेतांत पडले. जवळच्या कार्थेज गावात एका चर्चमध्ये स्वयंसेवकांनी असे हजारो फोटो गोळा केले, धुतले, पुसले आणि ज्याचे त्याला शोधून दिले. मी हे कामही आपल्याच कामात धरतो. आपल्या घरीही तेच झालं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि काकाच्या घरातली फोटोंची ट्रंक गेली. तुझ्या पणजीचा एकच फोटो उरला, जो मी कधीकाळी प्रिंट करून मिरजेच्या आत्याला दिला होता तो. म्हणून प्रिंट दे. फोनवर पाठवून भागवू नकोस.

तुला ऑक्सफर्ड आठवतं? इंग्लंडमधलं नव्हे, आपल्या इथून पाऊण तासावरचं. तू आठ-नऊ वर्षांची होतीस, गाडीत कंटाळली होतीस. १९८४ मध्ये पीटर फेल्डस्टाइन या फोटोग्राफरने तिथल्या मुख्य रस्त्यावरचं एक रिकामं दुकान घेऊन त्यात स्टुडिओ मांडला आणि गावातल्या प्रत्येकाला बोलावलं. ६७६ वस्तीच्या गावातले ६७० जण येऊन उभे राहिले. काही घडलेलं नव्हतं, ना आग, ना पूर. वीसेक वर्षांनी त्याने त्यांचे फोटो पुन्हा काढले. मला तो नेहमी आठवतो, कारण त्याने सुरुवात शांत दिवसांत केली आणि तो तिथलाच राहिला.

तुझ्या गावात जुलैमध्ये काउंटी फेअर असेल. सगळे दिवस जा. झुल्यांपाशी फार वेळ घालवू नकोस, गोठ्यांकडे जा. ४-एच या मुलांच्या संस्थेतली, जनावरं पाळणारी पोरं रात्री गोऱ्ह्यांशेजारी पेंढ्यावर झोपतात. वर्षभर ज्याला भरवलं, धुतलं, नावाने हाक मारली, तो शेवटच्या दिवशी लिलावात उभा राहतो. बारा वर्षांचं पोर त्याची दोरी धरून, ओठ आवळून चालतं, आणि बोली संपली की त्याच्या मानेत तोंड खुपसतं. तिथे तू जवळ असशील, त्याच्या आईला विचारलेलं असेल, पोराचं नाव अक्षर न चुकता वहीत लिहिलेलं असेल, तर दुःखाचा फोटो कसा काढायचा हे तुला कळेल. वादळात शिकायला वेळ नसतो. आणि पॅनकेकच्या तव्यामागे उभा असतो तोच माणूस पुढे पिवळी पट्टी धरून उभा असतो. त्याने तुला ओळखलं तर तुला आत कुठवर जाता येईल, गॅस कुठे गळतोय, कुठलं घर शोधून झालंय, हे तोच सांगेल. ओळखलं नाही तर पट्टीबाहेर उभी राहशील, आणि त्यात त्याची चूक नसेल.

१० ऑगस्ट २०२० तुला मी सांगायला नको. आपण तिघं तळघरात होतो. डेरेचो म्हणजे सरळ रेषेत धावत येणारं वाऱ्याचं वादळ. हा शब्द आयोवातल्याच गुस्ताव्हस हिनरिक्स या शास्त्रज्ञाने १८८८ मध्ये रूढ केला, पण त्या दिवसापर्यंत आपल्या गल्लीत तो कुणाला माहीत नव्हता. आपल्या भागात वारा ताशी १४० मैलांपर्यंत गेल्याचा अंदाज नंतर हवामान खात्याने दिला. पाऊण तासाने वर आलो तर रस्ता दिसत नव्हता, नुसती पानं. शहराची निम्म्याहून जास्त झाडं गेली. वीज नाही, फोन नाही, आणि बाहेरच्या जगाला पत्ताच नाही. मोठ्या वाहिन्या पोचायला दिवस लागले. तोवर जे दिसलं ते इथल्याच लोकांनी काढलेल्या फोटोंतून. नैऋत्येकडच्या अपार्टमेंटांची छपरं उडाली होती आणि आफ्रिकेतून आलेली निर्वासित कुटुंबं बाहेर गवतावर तंबूत राहत होती. तू माझ्याबरोबर पाण्याच्या बाटल्या घेऊन आली होतीस. एक मूल तुझ्या मांडीवर झोपलं, म्हणून मी अर्धा तास कॅमेरा काढलाच नाही. नंतर त्याच्या आईने स्वतःहून सांगितलं, आता काढ. तो फोटो अजून माझ्या टेबलावर आहे.

आता बाप म्हणून थोडं, आणि यात वाद घालू नकोस. वादळाच्या मागे गाडी घालायची नाही. टिम सामारास आयुष्यभर टॉर्नेडोंचा अभ्यास केलेला माणूस. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमात एल रेनोजवळ त्याच्यासोबत त्याचा मुलगा होता आणि एक सहकारी. टॉर्नेडो २.६ मैल रुंद झाला आणि तिघंही गेले. त्या बातमीतला बाप-लेक हा शब्द मी विसरू शकत नाही. तुझं काम वादळ गेल्यावर सुरू होतं. पडलेली तार मेलेली आहे असं कधी धरायचं नाही. रस्त्यावरून वाहत्या पाण्यात गाडी घालायची नाही, फूटभर पाणी लहान गाडी उचलतं. जाड तळव्याचे बूट घाल, सगळीकडे खिळे असतात. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंस ते आईला कळव. ड्रोन उडवण्याआधी तिथलं आभाळ बंद केलंय का ते बघ, कारण बचावाची हेलिकॉप्टरं खालून उडतात. आणि कुणी गेलं असेल तर घरच्यांना कळायच्या आत त्या घराचा एकही फोटो बाहेर जाता कामा नये. संपादक कितीही घाई करोत.

शनिवारी त्या माणसाकडे जा. कॅमेरा गाडीत राहू दे. हातमोजे ने, कचऱ्याच्या काळ्या पिशव्या ने, सोबत एक झाकणाचा डबा ने, सापडलेले फोटो ठेवायला. मंगळवारी मीच होते असं सांग आणि त्याचं नाव विचार. तो परत ओरडला तर डबा पायरीवर ठेवून परत ये. विम्यासाठी घराचे फोटो हवेत असं म्हणाला तर काढून दे, चारही बाजूंनी, जवळून आणि लांबून. ते छापायचे नाहीत, ते त्याचे.

तुझे रबरी बूट गॅरेजमध्येच राहिले होते, उद्या पोस्टाने पाठवतोय. डाव्या बुटात चार बाय सहाच्या कागदाचं पाकीट कोंबलंय. आईने चिवडा दिलाय, तोही त्यातच आहे.

तुझा,
बाबा