पुस्तके अजून माझ्याच घरी आहेत, मंत्रिमहोदय

माननीय मंत्रिमहोदय यांस,
स. न. वि. वि.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी वळीव कोसळला आणि आमच्या गावच्या जुन्या दवाखान्याच्या पूर्वेकडील खोलीचे छप्पर खाली आले. त्याचे मला फारसे आश्चर्य वाटले नाही, कारण कौले उतरवून, वर निळी ताडपत्री अंथरून ठेकेदार निघून गेला त्याला हा तिसरा उन्हाळा आहे. मनाला लागले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. पडलेल्या मातीचा ढीग अजून ओला होता, तेवढ्यात एक माणूस खळीचा डबा घेऊन आला आणि इमारत धोकादायक असल्यामुळे ती पाडण्यात येईल व निघालेल्या सामानाचा येत्या सोमवारी जाहीर लिलाव होईल, अशी नोटीस दाराला चिकटवून गेला. छप्पर संध्याकाळी पडते आणि नोटीस सकाळी तयार असते! माझ्या अडीच वर्षांतल्या एकाही अर्जाच्या नशिबी ही तत्परता आलेली नाही.

आपल्याला आठवत नसेल म्हणून सांगतो. अडीच वर्षांपूर्वी आपण याच दवाखान्याच्या ओसरीवर उभे होता. इथे वाचनालय होईल, पोरांना अभ्यासिका मिळेल, बायकांच्या स्त्रीशक्ती संघाला हक्काची खोली मिळेल आणि सहा महिन्यांत उद्घाटनाला मी स्वतः येईन, असे आपण म्हणालात. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी बसवलेली काळ्या ग्रॅनाइटची कोनशिला जागेवर आहे आणि तिच्यावरील आपले नाव अजून सोन्यासारखे चमकते. नोटिशीत सागवानी लाकूड, कौले, जांभ्याचे चिरे, खिडक्यांचे गज अशी लिलावाच्या सामानाची यादी आहे. कोनशिलेचा उल्लेख तीत नाही.

ही इमारत लोकल बोर्डाने बांधली, तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता. दारावरच्या दगडात १९११ हा आकडा कोरलेला आहे. दीड हात रुंद जांभ्याच्या भिंती, त्यांवर चुन्याचा गिलावा, सागवानी कैच्या आणि वर मंगलोरी कौले. प्रत्येक कौलाच्या पोटाला कारखान्याचा ठसा आहे, आणि लहानपणी आम्ही त्यावर कागद ठेवून पेन्सिलीने घासत असू. सरकारी दवाखाना हमरस्त्यावरच्या नव्या इमारतीत गेल्यावर ही वास्तू रिकामी झाली आणि गावकऱ्यांनी तिच्या एका खोलीत वाचनालय थाटले. तेव्हा आमच्या ध्यानात आले की, जुन्या माणसांनी आपल्या नकळत वाचनालयच बांधून ठेवले होते. कंपाउंडर जिच्यातून औषधाची बाटली पुढे सरकवायचा, ती लाकडी फळीची खिडकी पुस्तके देण्याघेण्यासाठी मापून केल्यासारखी आहे. दहा खाटांच्या दालनाला उत्तरेकडून दिवसभर मऊ उजेड येतो, त्यामुळे पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, आणि पोलीस भरतीच्या मुलांना दुपारी दिवा लावावा लागत नसे. मलमपट्टीच्या खोलीत मोरी आहे, उतार आहे, म्हणून संघाच्या बायकांना लोणच्या-पापडांच्या कामाला तीच हवी होती. पटकीच्या रोग्यांना निराळे ठेवण्यासाठी मागे बांधलेल्या खोलीत शिवणयंत्रे बसणार होती. यातल्या कशासाठीही एक भिंत हलवायची गरज नव्हती. डागडुजी, विजेची नवी तारजोडणी, एक संडास आणि चाकाच्या खुर्चीसाठी एक उतार, एवढेच आमच्या अर्जात होते.

प्रत्यक्षात आपल्या ठेकेदाराने पहिले काय केले, तर चुना खरवडून काढला आणि भिंतींना कमरेइतक्या उंचीपर्यंत सिमेंट थापले. जांभा सच्छिद्र असतो. आमच्या पावसात तो पाणी पितो, आणि वरचा चुना ते हळूहळू बाहेर सोडतो. त्याच्या तोंडावर सिमेंट थापले की ओल आत कोंडते, वर चढते, लोणा फुटतो आणि शेवटी सिमेंट खपल्यांनी गळते. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. गेल्या श्रावणात मी त्या भिंतीवर हात ठेवला, तर तळवा ओला झाला आणि बोटांना मिठासारखी पांढरी भुकटी लागली. वरच्या जुन्या चुन्याचा भाग मात्र त्याच पावसात कोरडा होता. चुन्याची घाणी, हिरड्याचे आणि गुळाचे पाणी, भिजवणीचे दिवस हे सारे जाणणारा एक म्हातारा गवंडी शेजारच्या गावात आहे. त्याला विचारा, असे मी सुचवले, तेव्हा उत्तर मिळाले की त्याच्या कामाला दरपत्रकात बाब नाही. ज्याने शंभर वर्षे भिंत टिकवली त्या चुन्याला बाब नाही, आणि जे तीन पावसाळेही टिकले नाही त्या सिमेंटला आहे.

आता माझ्या घराविषयी. काम सुरू होताना वाचनालयाची अकरा कपाटे 'तीन महिन्यांपुरती' कुठे तरी हलवा, असे सांगण्यात आले, आणि निवृत्त मुख्याध्यापक म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. आज त्या तीन महिन्यांचे तीस महिने झाले आहेत. पाच कपाटे सोप्यात, चार माजघरात आणि दोन आमच्या झोपायच्या खोलीत आहेत. मी पडवीत झोपतो. गणपतीला मुलगा-सून पुण्याहून येतात, तेव्हा नातवाचे अंथरूण ज्ञानकोशाच्या खंडांखाली पडते आणि सून रात्रभर कपाटाकडे डोळे लावून असते. कसर लागू नये म्हणून दर महिन्याला मी पाने झटकतो, कडुलिंबाचा पाला बदलतो. गेल्या वर्षी असेच एक कपाट सरकवताना कंबर धरली ती अजून सुटलेली नाही. हिने मला दोन वेळा विचारले आहे की, या घरात मंत्रिमहोदयांची पुस्तके राहणार की आपण. मी तिला सांगितले, पुस्तके गावची आहेत. ती म्हणाली, मग गाव कुठे आहे?

तालुक्याच्या कचेरीत मी एकतीस वेळा गेलो. शक्ती योजनेमुळे हिला बस फुकट आणि मला तिकीट, म्हणून पुढेपुढे मी हिलाच अर्ज देऊन पाठवू लागलो. सरकारी योजनेचा लाभ आमच्या कुटुंबाने घेतला नाही, असे कोणी म्हणायला नको. फाईल बांधकामवाल्यांकडे आहे म्हणतात, ते पंचायतीकडे बोट दाखवतात, आणि पंचायतीचे पीडीओ, म्हणजे विकास अधिकारी, मला बसायला खुर्ची देऊन वरून आदेश नाही म्हणतात. दरम्यान सिमेंटवर आणि ताडपत्रीवर कोणी म्हणतो अठरा लाख गेले, कोणी म्हणतो पंचवीस. तेवढ्या पैशांत त्या म्हाताऱ्या गवंड्याने गावातल्या निम्म्या घरांना चुना लावून दिला असता.

आपल्या राज्याला जुन्या इमारती वापरता येत नाहीत, असे मी कसे म्हणू? बेंगळुरूची अठरा कचेरी पाडायचे १९८०च्या दशकात घाटत होते, नागरिक कोर्टात गेले, आणि आज त्याच लाल इमारतीत उच्च न्यायालय भरते. तिथल्याच जुन्या मध्यवर्ती कारागृहाचे फ्रीडम पार्क झाले आणि आता आंदोलकांना आपण तिथेच बसवता, म्हणजे तुरुंगाचाही सदुपयोग झाला. बेळगावच्या किल्ल्यात स्वामी विवेकानंद १८९२ मध्ये ज्या बंगल्यात राहिले, तिथे आज त्यांचे स्मारक आहे. गांधीजी अध्यक्ष असलेल्या १९२४च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर पुढे साफ करून पुन्हा पाण्यासाठी उपयोगात आणली गेली. त्या अधिवेशनाच्या शताब्दीला शहरभर रोषणाई झाली, ती पाहायला मीही गेलो होतो. आणि दुर्लक्ष केले तर काय होते, तेही आपल्याला ठाऊक आहे: म्हैसूरच्या लॅन्सडाउन इमारतीचा भाग २०१२च्या ऑगस्टमध्ये कोसळला आणि चार माणसे गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेळगावच्या सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन झाले. हिवाळी अधिवेशनाचे दिवस संपले की वर्षाचे बाकीचे महिने तिची सभागृहे मुकी असतात. त्या वास्तूला मात्र कोणी धोकादायक किंवा निरुपयोगी म्हणत नाही. वापर नसलेली नवी इमारत वैभव ठरते आणि रोज चाळीस पोरे जिथे अभ्यास करत होती ती जुनी इमारत अडगळ, हा हिशेब मला निवृत्तीनंतरही सुटलेला नाही.

मूळ दुखणे दुसरेच आहे, ते स्पष्ट लिहितो. दुरुस्तीत कोणाचे पोट भरत नाही. नव्या बांधकामाला निविदा, टक्का आणि कोनशिला असते. कौल बदलायला यातले काहीच नसते. शिवाय 'मराठी वाचनालय' हे शब्द ऐकले की काही टेबलांवर कपाळाला आठ्या पडतात. १९५६ साली आम्ही न हलता राज्य बदलले. २००४ मध्ये सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला, त्या वर्षी जन्मलेली पोरे आता मत देऊ लागली आहेत. तो निकाल लागेल तेव्हा लागेल, पण तोवर गावच्या पोरांनी कुठे बसून वाचायचे? आमच्या कपाटांपैकी तीन कन्नड पुस्तकांची आहेत आणि ती सर्वांत जास्त झिजली आहेत, कारण भरतीच्या परीक्षांना तीच भाषा लागते. मी स्वतः मुलांचा कन्नडचा अभ्यास घेत असे, त्यामुळे ती नोटीस मला वाचता आली. शेजारच्या आजीला नाही; पोलिओच्या डोसाची चिठ्ठी समजून ती पणतवाला काखेत घेऊन दारात उभी होती. स्थानिक संस्थांच्या भाषेविषयीच्या १९८१च्या कायद्यात, अल्पभाषक पंधरा टक्के असतील तिथे त्यांच्या भाषेचीही सोय होती, आणि आमच्या गावात पंधरा टक्के मराठी न बोलणारे शोधावे लागतील. दोन ओळी मराठीत छापायला किती शाई लागली असती?

माझे मागणे लहान आहे. लिलावाची नोटीस मागे घ्या. चुन्याचे आणि जुन्या लाकडाचे काम जाणणाऱ्या माणसाकडून इमारत तपासून घ्या. उतरवलेली कौले मागच्या अंगणात रचून ठेवलेली आहेत, मी दोन वेळा मोजली आहेत. ती मृगाच्या आत पुन्हा चढवा आणि भिंतींचे सिमेंट उतरवा. नंतर आपले सरकार ही वास्तू गावाला दीर्घ मुदतीच्या भाड्याने देऊ शकते. भाडे आम्ही वर्गणीतून भरू.

लिलाव सोमवारी अकरा वाजता आहे. मी नऊ वाजता जाणार आहे. बैलगाडी सांगून ठेवली आहे आणि अकरांपैकी पहिले कपाट त्या दिवशी दवाखान्यात परत जाईल. औषधाच्या खिडकीत नोंदवही घेऊन मी बसेन. बोली लावायला येणाऱ्यांपैकी कोणाला पुस्तक हवे असल्यास ते पंधरा दिवसांसाठी मिळेल.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव

ता. क. आपण अडीच वर्षांपूर्वी भाषणानंतर हाताळायला घेतलेला तुकारामांच्या गाथेचा खंड गाडीत राहिला असावा. नोंदवहीत तो आपल्या नावावर आहे.